संत जनाबाई

संत जनाबाई (तेराव्या शतकाचा उत्तरार्ध – परंपरेनुसार इ.स. १३५०) या वारकरी संप्रदायातील संत कवयित्री होत्या. मराठवाड्यातील गंगाखेड हे त्यांचे जन्मगाव. त्यांचे जवळजवळ सर्व आयुष्य सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे संत नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेले. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग उपलब्ध असून बहुतेक अभंगांच्या अखेरीस त्या स्वतःचा निर्देश नामदेवांची दासी किंवा नुसती जनी असा करतात. दळण, कांडण, सडा, सारवण, पाणी भरणे, शेण वेचणे ही रोजची कामे त्यांच्या काव्यात वारंवार येतात. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी काव्यात घरकामाचा इतका तपशील दुसरीकडे क्वचितच सापडतो. या कामांना त्यांनी दिलेला नैतिक आणि आध्यात्मिक अर्थ हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. तो अर्थ पुष्कळदा सांगितला जातो त्याहून बराच वेगळा आहे.

जन्म व बालपण

जनाबाईंचा जन्म गोदावरीच्या काठी असलेल्या गंगाखेड (आता परभणी जिल्हा) येथे झाला. वडिलांचे नाव दमा आणि आईचे नाव करुंड असे परंपरा सांगते. वडील विठ्ठलभक्त होते आणि पंढरीची वारी करीत. परंपरेने हे कुटुंब शूद्र वर्णातील मानले आहे. जन्मवर्षाची विश्वसनीय नोंद नाही. मात्र नामदेवांचा जन्म १२७० चा आणि जनाबाई त्यांच्याहून वयाने मोठ्या, हे परंपरेत सर्वमान्य आहे.

लहानपणीच आई गेली. त्यानंतर वडिलांनी मुलीला पंढरपुरात दामाशेटी या शिंपी गृहस्थांच्या हवाली केले. पुढे वडिलांचेही छत्र हरपले. आईबाप दोघेही गेल्यावर आता तूच सांभाळ, अशी विनवणी जनाबाईंनी एका अभंगात विठ्ठलाला केली आहे. भक्तीच्या काव्यात देवाला मायबाप म्हणणे हा संकेत असतो. जनाबाईंच्या बाबतीत त्यामागे एका पोरक्या मुलीची प्रत्यक्ष स्थिती उभी आहे, हे लक्षात घेऊनच तो अभंग वाचावा लागतो.

दामाशेटींच्या घरी

दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला, तेव्हा जनाबाई त्या घरात होत्या. लहानग्या नामदेवांना त्यांनी खेळवले, वाढवले, असे चरित्रकार सांगतात. त्याच नामदेवांना पुढे त्यांनी गुरू मानले. विसोबा खेचर, नामदेव आणि जनाबाई अशी ही गुरुपरंपरा आहे.

नामदेवांचे कुटुंब मोठे होते. दामाशेटी, गोणाई, नामदेव, त्यांची पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई आणि दासी जनाबाई अशी पंधरा माणसे परंपरेत मोजली जातात. सारी माणसे एकाच वेळी घरात नसतील. तरीही एवढ्या खटल्याच्या घरातील कामाचा भार केवढा असेल, याची कल्पना आजच्या वाचकाने मुद्दाम करून पाहण्यासारखी आहे. भीमा खोऱ्यातील हा मुलूख ज्वारीचा. ज्वारीचे पीठ फार दिवस साठवून चालत नाही; जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते. त्यामुळे दळण हे रोजचे किंवा एक-दोन दिवसांआडचे काम असे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसायचे, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य तोंडात घालायचे, आणि उजाडेपर्यंत पीठ भरून उठायचे, हा क्रम. त्यानंतर अंगणाची झाडलोट, सडा, पाणी, धुणे आणि शेणगोठा.

या घरात जनाबाईंना आधार मिळाला, पण त्या घरच्या झाल्या नाहीत. गोणाई आणि राजाई देवाच्या पायांशी असतात, मुलांना पुढची जागा मिळते, आपल्याला मात्र हलकी समजून दाराशी ठेवले आहे, अशी तक्रार त्यांनी एका अभंगात केली आहे. नामदेवांचे घर हे संताचे घर होते, जातिभेदावर बोट ठेवणाऱ्या संप्रदायाचे घर होते. तेथेही दासीची जागा उंबरठ्याशी होती. जनाबाईंच्या चरित्राविषयी जी थोडी माहिती खात्रीची म्हणता येते तीत या तक्रारीचा समावेश करावा लागेल, कारण आख्यायिका रचणाऱ्यांना असा तपशील गैरसोयीचाच असतो.

अभंगांतील घरकाम

जनाबाईंच्या अभंगांतील सर्वांत प्रसिद्ध गट विठ्ठल त्यांच्या कामाला हात लावतो त्या अभंगांचा आहे. त्यांत घडते ते असे. जनी अंगण झाडते आणि देव केर भरतो. केराची पाटी डोक्यावर घेऊन तो दूर टाकून येतो. जनी पाण्याला निघाली की तो मागे धावतो आणि रांजण भरतो. ती शेण वेचायला जाते तेव्हा तो पाठीशी उभा असतो. दळताना तो जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसतो. साळी सडायला काढली की तो मुसळ हाती घेतो. सवय नसल्याने त्याच्या हाताला फोड येतो, आणि मग जनीच त्याला मुसळ सोडायला सांगते.

हा शेवटचा तपशील विशेष आहे. देवाने चमत्काराने तांदूळ सडून ढीग लावला असता तर ती नेहमीची चमत्कारकथा झाली असती. जनाबाईंचा देव काम करतो ते माणसासारखे, दमून आणि हात दुखवून. कामाचा त्रास देवाच्या हातावर उठलेल्या फोडावरून मोजला जातो. जे काम ती रोज बिनबोभाट करते ते किती अवघड आहे, हे पहिल्यांदाच कोणाच्या तरी लक्षात येते, आणि तो कोणी म्हणजे साक्षात पंढरीनाथ असतो.

केस विंचरण्याचे अभंगही याच जातीचे. तुळशीच्या बनात जनी वेणी उकलून बसली आहे आणि विठ्ठल तिच्या डोक्यातील उवा काढतो, तेल लावतो, केस विंचरतो. हे काम आईचे आहे. दासीच्या डोक्याला मायेचा हात लावणारे घरात कोणी नाही, म्हणून देव ते करतो. या अभंगांत कोठेही उपदेश नाही.

नाते एकतर्फी नाही, हेही खरे. देव उशिरा आला की जनाबाई त्याच्यावर रागावतात, एकेरी नावाने हाका मारतात, शिव्याशाप देतात. भक्तीची दोरी गळ्यात बांधून त्याला चोरासारखे हृदयात कोंडून ठेवल्याचे वर्णन एका अभंगात आहे. दुसऱ्या एका अभंगात लेकरांनी वेढलेल्या गृहस्थाच्या रूपात तो दिसतो. निवृत्ती, ज्ञानदेव, मुक्ताई, चोखामेळा ही संतमंडळी त्याच्या खांद्यावर, कडेवर, हाताशी आहेत. म्हणजे जनाबाईंच्या काव्यातील देव स्वतःही घरकामाच्या आणि लेकुरवाळेपणाच्या रगाड्यात सापडलेला आहे.

जात्याचे रूपक

वरील अभंगांत काम हे कामच राहते. एका प्रसिद्ध रचनेत मात्र त्यांनी दळणाचे सविस्तर रूपक केले आहे. जाते फिरते आहे, जीव आणि शिव हे त्याचे दोन खुंटे आहेत, पाचही बोटे लावून प्रपंचाच्या नेटाने ते ओढायचे आहे. सासू, सासरा, दीर, नवरा यांच्या नावाने ओव्या गायच्या, सख्यांनी एकत्र बसायचे, प्रपंचाचे दळण दळून पीठ भरायचे आणि ते सासूपुढे ठेवायचे. नंतर सत्त्वाचे आधण ठेवून त्यात पुण्य वैरायचे; तेव्हा पाप उतू जाते. प्रत्येक कडव्यात विठ्ठलाला ये म्हणून हाक आहे. शेवटी, जाते गाणाऱ्या जनीची कीर्ती मागे राहील, एवढा थोडासा लाभ होईल, असे त्या म्हणतात.

या रूपकाची रचना स्वयंपाकघराच्या क्रमाने चालते, तत्त्वज्ञानाच्या क्रमाने नाही. आधी दळण, मग पीठ भरणे, मग आधण, मग वैरणे आणि उतू जाणे. ज्याने आधणात धान्य वैरताना पाहिले आहे त्याला पाप उतू जाण्याची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एकनाथांच्या भारुडांत आणि पुढील अनेक संतांच्या पदांतही घरातल्या वस्तूंची अशी रूपके आहेत. पण ती बहुधा बाहेरून पाहणाऱ्याने केलेली आहेत. जनाबाईंचा हात खुंट्यावर होता.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जनाबाई अविवाहित होत्या असे परंपरा मानते. असे असता या रचनेत सासू, दीर आणि नवरा येतात. त्या स्वतःचे चरित्र सांगत नसून जात्यावर बसणाऱ्या सर्व बायकांचे गाणे गात होत्या, असा याचा अर्थ घ्यावा लागतो. जात्यावरच्या ओवीची रीतच ती आहे. दळणारी बदलते, ओवी राहते.

युरोपातील चित्रांशी तुलना

घरकामाला नैतिक अर्थ देण्याची प्रथा इतर समाजांतही आढळते. जनाबाईंनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, सतराव्या शतकात, हॉलंडमधील चित्रकारांनी सामान्य घरांतील दैनंदिन जीवनाची चित्रे मोठ्या संख्येने काढली. झाडणारी, दूध ओतणारी, भाजी निवडणारी, लेस विणणारी स्त्री हे त्यांचे आवडते विषय. स्वच्छ घर म्हणजे स्वच्छ मन आणि नीट चाललेले घर म्हणजे नीट चाललेला समाज, ही समजूत त्या काळी तेथे रुजलेली होती. याकोब काट्स या लोकप्रिय डच कवीने १६२५ मध्ये विवाह आणि गृहिणीची कर्तव्ये या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि तो घरोघरी वाचला जाई.

या चित्रांपैकी दोन-तीन चित्रे जनाबाईंच्या अभंगांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. निकोलास मास याच्या १६५५ च्या चित्रात एक मोलकरीण भांड्यांच्या पसाऱ्यात बसल्या जागी झोपी गेली आहे, मागे मांजर पक्ष्याचे मांस पळवीत आहे, आणि मालकीण हसत हसत पाहणाऱ्याला तिच्याकडे हात करून दाखवीत आहे. हे चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातील बोध उघड आहे: आळस वाईट. ती मोलकरीण रात्री कधी झोपली होती, हा प्रश्न चित्र विचारीत नाही. पीटर द होख याच्या अ‍ॅमस्टरडॅम येथील एका चित्रात आई मांडीशी वाकलेल्या लेकराच्या डोक्यातील उवा पाहत आहे. आईचे कर्तव्य आणि मनाची स्वच्छता असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. तुळशीच्या बनातील विठ्ठल हेच काम करतो, पण तो मालकांचाही मालक आहे आणि समोर बसलेली दासी आहे.

डेल्फ्टच्या योहान्नेस फर्मीरने १६६० च्या सुमारास काढलेले दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे चित्र या दोहोंहून वेगळे आहे. त्यात मोलकरणीची थट्टा नाही आणि तिला शिकवणूकही नाही. ती भांड्यातून पडणाऱ्या दुधाच्या धारेकडे एकाग्रतेने पाहत आहे आणि चित्रकार तितक्याच एकाग्रतेने तिच्याकडे. जनाबाईंच्या काव्याला जवळचे चित्र हेच. तरीही एक अंतर राहते. डच चित्रांतील मोलकरीण रंगवलेली आहे, बोलणारी नाही. चित्र विकत घेणारा बहुधा तिच्या मालकाच्या वर्गातला असे. पंढरपुरात दासीने स्वतः सांगितले. आणि तिच्या सांगण्यात परीक्षा होते ती कामाला कोण येते याची. दासी काम नीट करते की नाही याची नव्हे.

आख्यायिका

जनाबाईंच्या चरित्राचा मोठा भाग आख्यायिकांनी व्यापला आहे. त्यांपैकी बहुतेक ताहराबादच्या महिपतींनी (१७१५–१७९०) आपल्या ‘भक्तविजय’ या संतचरित्रग्रंथात सांगितल्या आणि कीर्तनकारांनी त्या घरोघरी पोहोचवल्या. जनाबाई आणि महिपती यांच्यामध्ये चारशे वर्षे गेलेली आहेत, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

पदकाची कथा सर्वांत प्रसिद्ध. रात्री विठ्ठल जनीकडे आला, तिच्याबरोबर दळू लागला. पहाटे काकड्याची वेळ झाली तशी तो घाईने निघाला. घाईत आपला शेला आणि रत्नपदक तिच्याकडे विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. देवळात पदक दिसेना तेव्हा संशय जनीवर आला, पदक तिच्या खोपटात सापडले आणि तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेण्यात आले. तेथे सुळाचे पाणी झाले. कथेचा शेवट चमत्काराचा असला तरी तिचा आरंभ कोणत्याही काळातील मोलकरणीला ओळखीचा वाटेल. मौल्यवान वस्तू हरवली की पहिला संशय कामवालीवर येतो. लोकांनी देवाच्या कथेत हा अनुभव गुंफून ठेवला.

दुसरी कथा शेणींची. कबीर जनाबाईंची कीर्ती ऐकून पंढरीस आले, तो दोन बायका गोवऱ्यांवरून भांडताना दिसल्या. त्यांतील एक जनाबाई. तुझ्या गोवऱ्या कोणत्या हे ओळखायचे कसे, असे कबिरांनी विचारता, कानाशी धरल्यावर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या माझ्या, असे उत्तर मिळाले. कबीर हे पंधराव्या शतकातील असल्याने ही भेट इतिहासाला धरून नाही. कथेचा आशय मात्र जनाबाईंच्या अभंगांशी सुसंगत आहे: नाम जपमाळेत असते तसे शेणातही असते, कारण ज्या हातांनी गोवरी थापली ते हात त्या वेळी नाम घेत होते. शिवाय, आपल्या कष्टाच्या गोवऱ्यांवरचा हक्क न सोडता भांडणारी संत स्त्री या कथेत आहे, आणि कथा सांगणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटलेले नाही.

स्त्रीत्वाचा प्रश्न

स्त्रीचा जन्म आला म्हणून खिन्न होऊ नये, असे जनाबाईंनी एका अभंगात सांगितले आहे. दुसऱ्या एका अभंगात त्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी त्याची पर्वा न करता, हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन भर पेठेत उभ्या राहतात, आणि बाजारात बसणाऱ्या बाईला समाज ज्या शब्दाने हिणवतो तोच शब्द स्वतःसाठी वापरतात. ज्या काळात पदर ढळणे हीच अब्रू जाणे होते, त्या काळात हे लिहिले गेले. हे अभंग आणि दळणकांडणाचे अभंग एकाच कवयित्रीचे आहेत, हे विसरले की जनाबाईंची ओळख अर्धी राहते.

ज्ञानेश्वरांविषयी त्यांना विलक्षण आदर आणि वात्सल्य होते. ज्ञानेश्वरांनी पुढच्या जन्मी आपल्या पोटी यावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. ज्ञानेश्वरांसारख्या पुरुषाकडे पाहून मोक्ष न मागता मातृत्व मागणारी भक्त बाई संतसाहित्यात दुसरी दाखवणे कठीण.

काव्यरचना

नामदेवांनी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा केली आणि ती पुरी करण्यासाठी घरातील सर्वांनी अभंग रचले, अशी कथा आहे. कथेतील संख्या अलंकारिक असली तरी नामदेवांच्या घरातील अनेकांच्या नावावर अभंग आढळतात, हे खरे. त्यांत काव्यगुणाने नामदेवांच्या खालोखाल जनाबाईच येतात. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादी देणाऱ्या एका अभंगात जनाबाईंचा लेखक म्हणून खुद्द पांडुरंगाचे नाव आहे. इतर संतांना माणसे लेखनिक मिळाली; दासीचे बोल टिपून घ्यायला देवच बसला, असा त्याचा एक अर्थ होतो.

अभंगांखेरीज हरिश्चंद्राख्यान, थालीपाक, द्रौपदीस्वयंवर, प्रल्हादचरित्र, कृष्णजन्म आणि बाळक्रीडा ही आख्याने त्यांच्या नावावर आहेत. यांपैकी सर्व रचना त्यांच्याच आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नामदेव हे नाव धारण करणारे एकाहून अधिक कवी होऊन गेल्यामुळे त्यांच्या गाथेत आणि त्यासोबत आलेल्या जनाबाईंच्या गाथेत नंतरच्या रचना मिसळल्या आहेत. थालीपाकाचा विषयही स्वयंपाकघराशी निगडित आहे. पांडव वनवासात असताना दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी जेवायला येतात आणि द्रौपदीच्या रिकाम्या थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान खाऊन कृष्ण सर्वांची भूक भागवतो, ती महाभारतातील कथा. आख्यान जनाबाईंचे असो वा नसो, ते त्यांच्या नावावर का चढले असावे हे समजण्यासारखे आहे.

अखेर

परंपरेनुसार शके १२७२ (इ.स. १३५०) मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात कुटुंबासह समाधी घेतली. जनाबाईही त्यांच्याबरोबर होत्या. थोरली सून लाडाई बाळंतपणासाठी माहेरी गेली असल्याने तेवढी मागे राहिली, असे सांगतात. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली. ती नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते. वारकरी त्या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून पुढे जातात. दाराशी ठेवल्याची तक्रार करणाऱ्या जनाबाईंची अखेरची जागाही देवाच्या दाराशीच आहे, पण तेथे आता गोणाई, राजाई आणि स्वतः नामदेवही त्यांच्याबरोबर आहेत.

पुढील काळात

जनाबाईंचे अभंग ग्रंथांपेक्षा गळ्यांतून अधिक टिकले. जात्यावर बसलेल्या बायकांनी आपल्या ओव्यांत जनी हे पात्र सामावून घेतले. जात्याला विठ्ठल येतो ही कल्पना असंख्य ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. विजेची गिरणी गावोगाव आली आणि दळणाचे कष्ट गेले, त्याबरोबर ओवी गाण्याची वेळही गेली. हा संग्रह त्या मधल्या काळात झाला म्हणून वाचला.

१९४९ मध्ये ‘संत जनाबाई’ हा मराठी चित्रपट आला. त्यात हंसा वाडकर यांनी भूमिका केली. अरुण कोलटकर यांनी जनाबाईंच्या काही अभंगांचे इंग्रजी अनुवाद केले. सुझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या १९९१ च्या इंग्रजी संकलनातही जनाबाईंना स्थान आहे.

शाळांतून आणि प्रवचनांतून जनाबाईंची ओळख बहुधा सोशिक, कष्टाळू आणि तक्रार न करणारी दासी अशी करून दिली जाते. मुलींनी घरकाम आनंदाने करावे, असा बोध त्यावरून काढणेही जुनेच आहे. अभंग या ओळखीला पूर्ण दुजोरा देत नाहीत. त्यांत तक्रार आहे, भांडण आहे, थकवा आहे, आणि मदतीला आलेल्याकडून प्रत्यक्ष केर भरून घेणे आहे. कामाची लाज त्यांना नव्हती हे खरे, परंतु काम एकटीने करावे असेही त्यांनी कोठे म्हटलेले नाही.

स्मृतिस्थळे

गंगाखेड येथे गोदावरीकाठी जनाबाईंचे मंदिर आहे. पंढरपुराजवळच्या गोपाळपूर येथे टेकडीवरील गोपाळकृष्णाच्या मंदिरात जनाबाईंचे म्हणून जाते आणि संसाराची भांडी दाखवली जातात. आषाढी पौर्णिमेला गोपाळकाल्यासाठी दिंड्या येथे येतात आणि काला झाल्यावर वारी संपते. परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी अनेक स्त्रिया त्या जात्याचा खुंटा धरून ते एकदा फिरवतात. जात्यात दाणा नसतो.